केळीच्या बागेतला चौथा मजला

हरवलेल्या सुटकेसची भरपाई मिळते, तिच्यातल्या लोणच्याची मिळत नाही, हे एका गृहस्थांना सौम्य शब्दांत कळवत असताना रोवेनाचा फोन टेबलावर थरथरला. ते गृहस्थ दोहाहून आले होते आणि त्यांची सुटकेस बहुधा अजून तिकडच्याच पट्ट्यावर एकटी गोल गोल फिरत होती. अंधेरीतल्या त्या सातव्या मजल्यावर रोवेनाचं काम नाही म्हणण्याचं होतं. प्रवास विम्याचे दावे यायचे, ती ते वाचायची, नेमकं कलम शोधायची आणि नाही म्हणायची. इतक्या मऊपणे, की काही लोक उलट तिचेच आभार मानायचे. तर फोन थरथरला आणि तिने सवयीने पाहिलं. मजकूर सरकारी होता, त्यामुळे पहिल्या वाचनात समजला नाही. दुसऱ्या वाचनात समजला, आणि नसता समजला तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. श्री. सेबेस्टियन तुस्कानो, मौजे उमेळे, अतिवृष्टी व वादळी वाऱ्यामुळे झालेल्या केळी पिकाच्या नुकसानीपोटी शासनाची मदत आपल्या खात्यात जमा करण्यात आली आहे. सेबेस्टियन तुस्कानो म्हणजे तिचे पपा. खात्याला नंबर तिचा जोडलेला, कारण पपांच्या फोनवर मेसेज आला की ते चष्मा शोधायला उठत आणि वाटेत भलतंच काही शोधत बसत. इथवर सगळं ठीक होतं. पण केळी? उमेळ्याची केळीची बाग तोडून दहा-बारा वर्षं झाली होती. त्या जागी चार मजली इमारत होती. त्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर रोवेना राहत होती. आज सकाळीच तिने तिथे अंघोळ केली होती.

पहिला संशय फसवणुकीचा आला. पण फसवणारे लोक पैसे नेतात, आणून टाकत नाहीत. तिने खातं उघडून पाहिलं. अडीच हजार खरोखरच आले होते आणि मागच्या महिन्याच्या गॅसच्या बिलावर निवांत बसले होते. पायाखालची जमीन सरकली, असं लोक म्हणतात. रोवेनाचं उलटं झालं. जमीन होती तिथेच राहिली, तिच्यावरचं सगळं सरकलं. आधी गच्ची गेली, मग चौथा मजला, त्यावरचं तिचं कपाट, कपाटातले हिवाळ्यात एकदाच काढायचे दोन स्वेटर, मग मीरा खानविलकरांचा तिसरा मजला देव्हाऱ्यासकट, असं करत करत पार्किंगमधल्या स्कूटर गेल्या, आणि उरली ती ओली काळी माती आणि तिच्यावर पडलेली केळी. बाजूच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, "काय गं, कोण गेलं का?" रोवेना म्हणाली, "इमारत." मुलीने मान डोलावली आणि परत कामाला लागली. त्या ऑफिसात लोकांचं काही ना काही रोजच जात असे.

मग दिवसभर ती लोणच्यापुढे गेलीच नाही. डोक्यात केळीची वाडी येत राहिली. वाडी आईची होती, रोझीला तिच्या माहेरकडून आलेली, आणि वाडीच्या पोटात बावखल होतं. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं तळं. वसईच्या जुन्या वाड्यांना ते असायचंच, जसं घराला चूल. आई दुपारी त्याच्या काठावर बसून केळीच्या सोपटाचे दोर सोलायची आणि रोवेना पाण्यात पाय सोडून पायांचे पांढरे मासे झालेले बघायची. पाण्याला एक वास होता, कुजलेल्या पानांचा आणि गंजलेल्या रहाटाचा, आणि तो वास आईच्या हातांनाही होता, चर्चमध्ये मिसेला जाताना पावडर लावली तरी. बिल्डर आला तेव्हा त्याने आधी बावखल भरलं. ट्रकमागून ट्रक भराव ओतला, तरी ते आतून बुडबुडे काढत राहिलं, एखाद्याच्या तोंडात कापड कोंबलं तरी तो पुढचं बोलतच राहावा तसं. आई तेव्हा आजारी होती. खिडकीतून बघत ती एवढंच म्हणाली होती, "त्याला जागा लागेल परत." मग आई गेली आणि इमारत वर आली. तिचं नाव ठेवलं 'ऑर्चर्ड हाइट्स'. बिल्डर जे तोडतात त्याचं नाव इमारतीला देतात. शिकारी हरणाचं मुंडकं भिंतीवर लावतात, तीच रीत. पुढे दर पावसाळ्यात लिफ्टच्या खड्ड्यात पाणी भरायला लागलं. नाताळपर्यंत लिफ्ट बंद. कंपनीचा माणूस येई, खाली वाकून बघे आणि म्हणे, "मॅडम, ये पानी कहां से आता है?"

संध्याकाळी ती चार मजले चढून थेट गच्चीवर गेली. लिफ्ट अर्थातच बंद होती. पपा केळीला पाणी घालत होते. टाकीच्या आडोशाला निळ्या ड्रमांची रांग होती आणि ड्रमांतून केळी उगवलेली. ऑक्टोबरच्या वाऱ्याने त्यांतली बहुतेक आडवी केली होती. पपांनी ती पाण्याच्या टाकीला दोरीने बांधून उभी ठेवली होती, फोटोसाठी म्हाताऱ्याला दोन्ही बाजूंनी धरून उभं करतात तशी.

"पपा, सरकारने पैसे पाठवलेत."

"आले काय?" पपांनी झारी खाली ठेवली. "बरं झालं. उशीर केला, पन आले."

"कशाचे आले?"

"केळीचे. पडली ना? तूच तर वरडत होती, पपा, वारा सुटलाय, कपडे काढा. मी कपडे काढीपर्यंत केळी पडली."

"ही गच्ची आहे, पपा."

"हां. मंग?"

रोवेनाने श्वास घेतला. नाही म्हणायच्या आधी ती घ्यायची, तोच श्वास. पण पपांनी तेवढ्यात सगळं रीतसर सांगून टाकलं. गावातल्या हॉलमध्ये सभा झाली होती, चहा-बिस्किट होतं, म्हणून ते गेले होते. तिथे एका मुलीने सगळ्या म्हाताऱ्यांच्या फोनात पीक नोंदवायचं अॅप घालून दिलं. "त्यानं नाव विचारलं, सांगितलं. पीक कोनतं, तर केळी. मंग म्हनतं, आपल्या शेतात उभे राहा नि फोटो काढा. मी हितं उभा राहिलो. जरा येळ गोल गोल फिरलं, नि हिरवं झालं. वारा आल्यावर पडलेल्याचा काढला. आता मी कुठं खोटं बोललो ते तू मला दाखव, बाय."

रोवेनाने शोधलं. तिचा धंदाच तो. लोकांच्या दाव्यात खोट कुठे असते ते तिला वासावरून कळे. बिलावरची शाई, सुटकेसच्या फोटोतली सावली. इथे तिला काही सापडेना. नाव खरं, पीक खरं, वारा खरा. जागा आकाशातल्या उपग्रहाने स्वतः तपासलेली. फक्त उपग्रह वरून बघतो आणि वरून बघणाऱ्याला उंची कळत नाही. त्याला चौथा मजला आणि जमीन एकच. इतका स्वच्छ दावा तिने नोकरीत कधी पाहिला नव्हता.

"पण जमीन आपण बिल्डरला दिली ना?"

"दिली." पपा एका पिवळ्या पानाचं टोक मोडत राहिले. "त्यानं घेतली नाय. कागद करू, शेतीची बिनशेती करू, करू करू म्हनाला. मंग दुबईला गेला. कोन म्हनतं मेला, कोन म्हनतं जाडा झाला."

"म्हणजे जमीन अजून..."

"तुझ्या आईच्या नावावर होती. ती गेल्यावर माझ्या नि तुझ्या आली. तलाठ्याकडं जाऊन मीच चढवून आनलं. तुझं नाव हाय सातबाऱ्यावर. चांगलं दिसतं."

"आणि इमारत?"

पपांनी गच्चीवर पाय आपटून दाखवला. "हाय की. दिसत नाय काय?"

"कागदावर, पपा."

"कागदावर वाडी हाय," पपा म्हणाले, आणि झारी उचलून पुढच्या ड्रमकडे गेले.

त्या आठवड्यात रोवेना घरात हलक्या पावलांनी चालू लागली. फ्रिजचं दार हळू लावायची. कपडे वाळत घालताना एका वेळी एकच बादली वर न्यायची, उगाच वजन नको. डोळ्यांसमोर सारखी ती पलीकडच्या गावातली सकाळ यायची. अनधिकृत ठरलेल्या इमारती तिकडे पाडत होते तेव्हा तिची रिक्षा तिथूनच गेली होती. रस्त्यावर लोक सामान घेऊन उभे होते. कोणी गादी, कोणी फ्रिज, आणि एक बाई हातात नुसती दारावरची बेल घेऊन उभी होती, तिच्या दोन वायरी खाली लोंबत होत्या. रिक्षावाला म्हणाला होता, "बेल का काढून आणली असेल हो?" रोवेना तेव्हा हसली होती. आता आठवून तिचं बोट आपोआप स्वतःच्या बेलकडे जायचं. ती वाजवून बघायची. आतून पपा ओरडायचे, "उघडं हाय!" आपल्या घराचे कागद आपण कधी वाचले नाहीत, हे तिला आता कळत होतं. दुसऱ्यांच्या कागदातली बारीक अक्षरं वाचून पगार घेणारी बाई स्वतःच्या घराच्या बाबतीत आईच्या शब्दावर गेली होती. आणि आई तर एवढंच म्हणाली होती की त्याला जागा लागेल परत.

रविवारी पपांनी कहर केला. मिसेहून येताना त्यांनी मदतीच्या पैशांतून केळ्याचे वेफर्स आणले, मोठी पिशवी भरून, आणि दारोदार जाऊन प्रत्येक घरात एक पुडा दिला. आगेराला, म्हणजे सुगीच्या सणाला, नवं पीक आधी चर्चमध्ये नेतात, फादर आशीर्वाद देतात आणि मग त्यातला घास सगळ्यांना वाटतात. पपा लहानपणापासून तेच करत आले होते. यंदा पीक नव्हतं, नुकसान होतं. तर नुकसान वाटावं, असा त्यांचा सरळ हिशेब. आणि प्रत्येक दारात ते हसतमुखाने सांगत गेले, "सरकारनं दिलेत. हितल्या केळीचे. आपल्या जमिनीचे." वर्षानुवर्षं जे कोणी उच्चारलं नव्हतं ते त्यांनी पार्किंगपासून गच्चीपर्यंत वेफर्सबरोबर वाटून टाकलं.

थोड्या वेळाने मीरा खानविलकर वर आल्या. त्या सोसायटीच्या सेक्रेटरी. मूळच्या कणकवलीच्या, नवरा वारल्यापासून एकट्या. त्यांच्या हातात रिकामा पुडा होता.

"खाल्ले मी. आता बोलते," त्या म्हणाल्या. "तुझ्या पपांना आवर गं बाई."

"तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत आहे. घरपट्टीच्या पावतीखाली लिहिलेलं असतं की ही पावती म्हणजे इमारत अधिकृत असल्याचा पुरावा नाही. मी तो भाग दुमडून फाइलला लावते."

"मग इतकी वर्षं कोणी बोललं कसं नाही?"

"सासऱ्यांना ऐकू येत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून कोणी त्यांच्या कानात ओरडून सांगतं का, की तुम्ही बहिरे आहात?" मीराबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या. त्याही हलक्या बसल्या, हे रोवेनाच्या लक्षात आलं. या इमारतीत सगळेच कायम हलके बसत आले होते. तिलाच दिसलं नव्हतं. "आमच्या ह्यांची अख्खी नोकरी खालच्या दोन खोल्यांत चिणलीय. सरकारी कागदावर कोणी नुसतं 'इमारत' असं लिहिलं ना, की नोटीस. नोटीस आली की पुढचं तू पाहिलंयस."

आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. पलीकडे तलाठी होता. संकेत असं नाव त्याने सांगितलं, आवाज कोवळा, बोलणं मराठवाड्याकडचं. मदत मिळालेल्या काही शेतांची फेरतपासणी करायची होती. त्यांत यांचं शेत निघालं होतं. "उद्या सकाळी बांधावर हजर राहा, मॅडम. सहहिस्सेदार म्हणून तुमची सही लागंल."

"बांध नाहीये हो."

"बांध नसंल तर गेटवर थांबा," तो म्हणाला, आणि फोन ठेवला. शेताला गेट असतं हे त्याला कसं ठाऊक, हा विचार रोवेनाला नंतर पुष्कळ वेळ पुरला.

सकाळी ती त्याला घ्यायला खाली उतरू लागली, तर जिन्यावर बाग होती. प्रत्येक घराने आपापल्या कुंड्या बाहेर आणून पायऱ्यांवर मांडल्या होत्या. तुळस, कोरफड, क्रोटन, बाटलीतला मनीप्लांट, मोड आलेला कांदा. दुसऱ्या मजल्यावरचं एक झाड प्लॅस्टिकचं होतं. त्यालाही कोणीतरी पाणी घातलं होतं. दारं बोटभर उघडी, आत श्वास. कोणी काही ठरवलं नव्हतं म्हणे; ज्याला जे सुचलं ते त्याने केलं होतं, घरात मयत झाल्यावर सांगावं लागत नाही तसं.

संकेत हडकुळा होता, बगलेत हेल्मेट. कुंड्या चुकवत तो चारही मजले चढला. वाटेत एकदाच थांबला, प्लॅस्टिकच्या झाडापाशी. पान चाचपलं आणि पुढे निघाला. गच्चीवर आल्यावर त्याने फोन काढला, नकाशावरचा ठिपका बघितला आणि दम खात म्हणाला, "आलो शेतात."

पपा इस्त्रीचा शर्ट घालून केळीपाशी उभे होते. मीराबाई चहाचा ट्रे धरून दारातच थांबल्या. संकेतने फोटो काढले, ड्रमांना वगळून, मोठ्या कसबाने. मग तो रोवेनाजवळ आला.

"मॅडम, इथं दोनच पर्याय हायत. शेती किंवा पडीक. काय टाकू?"

"आणि इमारत असली तर?"

"इमारत असली तर ते शेत नसतं. आणि शेत नसंल तर मी इथं नसतो."

"पण तुम्ही आहात."

"तोच तर घोळ आहे ना." त्याने कपाळ पुसलं. "पडीक टाकलं की मदत परत जाती. मग का पडीक, म्हणून वरून साहेब बघायला येतात. साहेबांना इमारत दिसती. मला अजून दिसत नाही, मी नवीन आहे."

"पडीक?" पपा मागून म्हणाले. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "रोझीची जमीन पडीक? एक साल ठेवली नाय मी. विचार कोनालाबी."

संकेतने चहा घेतला. केळीच्या एका मोडक्या खोडावर त्याने सहज हात ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. "तुमचे फोटो भारी आलेत, काका," तो म्हणाला. "आमच्या बापाला नाही जमलं. तीन एकर सोयाबीन होतं गावाकडं, नदीनं मातीसकट नेलं. अॅप म्हणतं, आपल्या शेतात उभे राहा. बाप म्हणतो, कुठं उभा राहू, तिथं नदी हाय. शेवटी छातीएवढ्या पाण्यात उभा राहिला, फोन वर धरून. शेताची जागा बरोबर आली, हिरवं झालं. पण अर्ज नामंजूर." तो हसला. "काय लिवलं माहितीय? फोटोमध्ये पीक दिसून येत नाही."

हे वाक्य रोवेनाचं होतं. शब्द थोडे बदललेले, पण तिचंच. पुराव्यात वस्तू दिसून येत नाही. रोज दहा वेळा ती ते लिहायची, सुटकेस हरवलेल्यांना, कारण हरवलेली सुटकेस फोटोत दिसत नाही. ते वाक्य असं फिरत फिरत मराठवाड्यातल्या एका म्हाताऱ्याच्या छातीपर्यंत जाऊन पोचलं असेल, याची तिला कधी शंकाही आली नव्हती. तिला पाणी दिसलं, तांबूस, भोवरे घेणारं, आणि त्यात फोन वर धरलेला एक हात. मग ते पाणी काळं झालं आणि त्याला कुजलेल्या पानांचा वास आला, आणि चार मजल्यांखाली लिफ्टच्या खड्ड्यात काहीतरी डुबुक वाजलं. निदान तिला ऐकू आलं.

"काय टाकू, मॅडम?"

मीराबाई ट्रे धरून अजून दारातच होत्या. त्यांच्या मागे जिन्यावर माणसं असावीत. दिसत नव्हती, पण जिना माणसांनी भरला की त्याची हवा बदलते. खरं म्हणजे फक्त खरं बोलायचं होतं. पण पडीक हे खोटं होतं, शेती हे खोटं होतं, आणि जे खरं होतं त्याला तिथे चौकट नव्हती. त्या म्हाताऱ्याने खरं तेच सांगितलं होतं आणि त्याला काही मिळालं नव्हतं. रोवेनाने श्वास घेतला. नाहीच्या आधीचा श्वास.

"शेती," ती म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा तिने एक दावा मंजूर केला होता, आणि तो हा होता. संकेतने फोन पुढे धरला. काचेवर तिने बोटाने सही केली. बोट थंड होतं, सही तिच्यासारखी आली नाही, एखाद्या दमलेल्या गांडुळासारखी आली. फोनने ती लगेच मान्य केली. जिन्यात कोणीतरी टाळी वाजवायला लागलं आणि कोणीतरी ती हातातच दाबली.

"येतो, काका," संकेत म्हणाला. "पुढल्या हंगामात जरा लवकर नोंद करा."

"करतो ना," पपा म्हणाले. "औंदा वेलची केळी लावनार हाय."

त्याला सोडायला रोवेना खाली उतरली. दारादारांतून लोक तिच्याकडे बघून हळू हसत होते, आजारातून उठलेल्याकडे बघून हसतात तसे. आणि कुंड्या उचलून आत नेत होते. पार्किंगमध्ये लिफ्टच्या बंद दाराच्या फटीतून ओल झिरपून बाहेर आली होती. तिथे ती क्षणभर थांबली. चप्पल काढून पाय आत सोडावेसे तिला वाटले. मग ती गेटबाहेर आली. संकेतची मोटरसायकल गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली, आवाजही गेला, आणि ती रस्त्याकडे तोंड करून तशीच उभी राहिली.

मागे वळायचं तिला धाडस होईना. मागे इमारत असली, तर ती आत्ताच सरकारशी खोटं बोलून आली होती. आणि कुठेतरी एक म्हातारा छातीएवढ्या पाण्यात उभा होता. मागे इमारत नसली, तर पपा आत्ता कशावर उभे होते? मानेवर ऊन पडलं होतं. इमारत असती तर या वेळी इथे सावली पडते की नाही, हे इतकी वर्षं राहून तिला माहीत नव्हतं. समोरून मासळीवाली गेली, तिने रोवेनाच्या मागे, वर बघितलं आणि हात केला. कोणाला केला?

"रोवे!" वरून, बऱ्याच वरून, हवेतून पपांचा आवाज आला. "हाय का खाली? येताना पाव आन गं!"

रोवेनाने मान वळवली नाही.

"किती?" ती रस्त्याकडे बघत ओरडली.